छातीचा स्कॅन किती बारीक हवा?

‘चौसष्टवाल्या मशीनवर काढू का? सोळाच्यापेक्षा क्लिअर येईल ना?’

मुरूड, श्रीवर्धन, रेवदंडा या पट्ट्यातून छातीच्या सीटी स्कॅनसाठी निघालेल्या माणसाच्या घरात हा प्रश्न हमखास विचारला जातो. स्कॅन अलिबागला करायचा, पनवेल गाठायचं, की मांडव्याहून बोट धरून भाऊच्या धक्क्याला उतरायचं आणि परळला जायचं, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं. त्यात एक दिवस जातो, एक रोज बुडतो, शिवाय दम लागलेल्या माणसाला बोटीत चढवायचं-उतरवायचं.

प्रश्न घरोघरी पोचला तो करोनाच्या काळात. सप्टेंबर २०२०मध्ये महाराष्ट्र शासनाने छातीच्या एचआरसीटीचे, म्हणजे बारीक कापांच्या सीटी स्कॅनचे, कमाल दर बांधून दिले. १६पेक्षा कमी स्लाइसच्या यंत्रावर २,००० रुपये, १६ ते ६४ स्लाइसला २,५०० आणि ६४च्या वर ३,००० रुपये. लूट थांबवायला तो निर्णय गरजेचाच होता, आणि दर ठरवायला स्लाइसचा आकडा सोयीचा होता. पण त्यातून लोकांनी एक अर्थ काढला: आकडा मोठा, पैसे जास्त, म्हणजे चित्रही जास्त स्पष्ट. तिथून पुढे हा गैरसमज घट्ट बसला. चित्राची स्पष्टता बहुतांशी वेगळ्याच आकड्यांवर ठरते, आणि ते आकडे दरपत्रकात कुठेच नसतात.

१. स्लाइसचा आकडा कशाचा?

सीटीच्या यंत्रात एका बाजूला क्ष-किरणांची नळी असते आणि समोरच्या बाजूला किरण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या ओळी. दोन्ही मिळून रुग्णाभोवती गरगर फिरतात आणि टेबल हळूहळू पुढे सरकतं. ‘१६ स्लाइस’ म्हणजे साधारणपणे अशा १६ ओळी, ‘६४ स्लाइस’ म्हणजे ६४. काही कंपन्या मोजणी थोडी वेगळी करतात, पण आपल्याला एवढं पुरे.

आता एकेका ओळीची रुंदी पाहू. अनेक १६च्या यंत्रांत ती ०.६२५ मिमी असते आणि ६४च्या यंत्रांतही तेवढीच. म्हणजे टिपण्याचा बारीकपणा दोन्हीकडे सारखा. फरक पडतो तो एका फेरीत किती छाती पार पडते यात. १६ × ०.६२५ म्हणजे १० मिमी. ६४ × ०.६२५ म्हणजे ४० मिमी. एक फेरी अर्ध्या सेकंदाची आहे आणि फेऱ्या एकमेकींना लागून आहेत असं धरलं, तर ३०० मिमी लांबीच्या छातीला १६च्या यंत्रावर १५ सेकंद लागतील आणि ६४च्या यंत्रावर चार सेकंदांच्या आत काम होईल.

म्हणून मोठा आकडा म्हणजे वेग. धडधाकट माणूस १५ सेकंद श्वास सहज रोखतो. त्याला १६च्या यंत्रावरही उत्तम चित्र मिळू शकतं. ज्याला दोन वाक्यं बोलताना धाप लागते, त्याच्यासाठी मात्र ते चार सेकंद फार मोलाचे आहेत. लांबचा प्रवास करायचा की नाही, हे ठरवायला खरा निकष हा आहे.

२. एका चौकटीचा हिशेब

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी झाला. त्या चित्रात ८० आडव्या आणि ८० उभ्या, म्हणजे ६,४०० चौकटी होत्या. आज आपल्या हातात पडणाऱ्या स्कॅनच्या प्रत्येक चित्रात सहसा ५१२ × ५१२, म्हणजे २,६२,१४४ चौकटी असतात. चौकटींच्या या मांडणीला मॅट्रिक्स म्हणतात.

प्रत्येक चौकटीत एकच आकडा बसतो. पाण्याला ०, हवेला उणे १,०००. निरोगी फुप्फुस उणे ८००च्या आसपास, कारण त्यात हवाच जास्त. मांसल भाग अधिक ४०च्या जवळपास, हाड त्याच्या कितीतरी वर. या आकड्यांना हाउन्सफील्ड यांचंच नाव आहे. हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

चौकट केवढी, हे फक्त मॅट्रिक्सवर ठरत नाही. त्या ५१२ चौकटी केवढ्या रुंदीत बसवल्या, तेही बघावं लागतं. चित्रात धरलेल्या या रुंदीला टेक्निशियन ‘एफओव्ही’ म्हणतात. छाती मावेल एवढी ३५० मिमी रुंदी धरली, तर ३५० भागिले ५१२, म्हणजे चौकटीची बाजू ०.६८ मिमी. घाईत ती ५०० मिमीवर राहून गेली, तर बाजू ०.९८ मिमी. चित्रात छातीच्या भोवती नुसतीच काळी हवा आणि टेबल दिसतं, आणि चौकटी त्यावर खर्ची पडतात. उलट संशयाची जागा एकाच फुप्फुसात असेल आणि तेवढ्यापुरतं १८० मिमीचं चित्र बांधलं, तर बाजू ०.३५ मिमीवर येते. यासाठी रुग्णाला पुन्हा आत घालावं लागत नाही. एकदा टिपलेल्या माहितीवरून संगणक दुसरं चित्र बांधतो.

३. जाडी: खरी मेख इथे आहे

चौकट कागदावर सपाट दिसते, पण प्रत्यक्षात ती शरीराचा एक ठोकळा असते. तिला जाडी आहे. मॅट्रिक्सबद्दल सगळे बोलतात आणि जाडीकडे दुर्लक्ष होतं. छातीच्या बाबतीत तर जाडीच जास्त घात करते.

समजा चित्र, म्हणजे शरीराचा एक काप, ५ मिमी जाडीचं आहे. मग प्रत्येक ठोकळा ०.६८ मिमी रुंद आणि ५ मिमी उंच झाला, उंची रुंदीच्या सातपट. त्या सगळ्या उंचीतलं फुप्फुस, रक्तवाहिनी, गाठ, जे काही असेल त्याची सरासरी निघून एकच आकडा छापला जातो.

आता फुप्फुसात ४ मिमीची एक घट्ट गाठ आहे असं धरू. गाठीचा आकडा अधिक ४०, आजूबाजूच्या फुप्फुसाचा उणे ८००. नशिबाने ती एकाच कापात पूर्ण सापडली, तर तिच्या मधोमध ठोकळ्याचा चार पंचमांश भाग गाठीचा आणि एक पंचमांश फुप्फुसाचा. सरासरी: ३२ वजा १६०, म्हणजे उणे १२८. गाठ फिकटली, पण दिसेल. ती दोन कापांच्या सीमेवर आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ मिमी. सरासरी: १६ वजा ४८०, म्हणजे उणे ४६४. हा आकडा घट्ट गाठीचा राहिलाच नाही. रेडिओलॉजिस्ट ज्याला ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात, त्या धुरकट डागाच्या पट्ट्यात तो जाऊन बसला. तोच माणूस, तीच गाठ, तेच यंत्र. पण १ मिमीचे काप केले तर मधल्या कापात आकडा स्वच्छ ४० येईल.

याचा परिणाम थेट उपचारावर होतो. घट्ट गाठ आणि धुरकट गाठ यांच्यावर लक्ष ठेवण्याच्या मुदती वेगळ्या असतात. म्हणूनच छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांच्या फ्लाइशनर सोसायटीने २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं की, प्रौढांच्या छातीच्या प्रत्येक सीटीचे सलग आणि पातळ काप बांधावेत आणि जपूनही ठेवावेत. जाडी जास्तीत जास्त १.५ मिमी, शक्यतो १ मिमी.

‘सलग’ या शब्दाला इथे वजन आहे. एचआरसीटी ही तपासणी जुन्या यंत्रांवर सुरू झाली, तेव्हा १ मिमीचा एक काप घ्यायचा, मग १० मिमी पुढे जाऊन दुसरा, अशी पद्धत होती. फुप्फुसभर पसरलेल्या आजाराचा नमुना बघायला ते पुरेसं होतं, पण मधलं बहुतेक फुप्फुस टिपलंच जात नसे आणि छोटी गाठ दोन कापांच्या मध्ये निसटून जाई. घरात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची एचआरसीटी पडून असेल, तर ‘तेव्हा गाठ नव्हती’ असं तिच्यावरून ठामपणे म्हणता येत नाही.

४. बारीक आस आणि त्याची किंमत

मग सगळंच शक्य तेवढं बारीक का करू नये?

रायगडच्या किनाऱ्यावर याचं उत्तर समजावणं सोपं आहे. पापलेटच्या जाळ्याचा आस, म्हणजे जाळीचं भोक, मोठा असतो. डोल जाळ्याचा टोकाकडचा आस बारीक, त्यात बोंबील, करंदी, जवळा सगळं अडकतं. पण आस बारीक झाला की जवळ्याबरोबर काडीकचरा आणि शिंपल्यांचा चुराही येतो, आणि निवडायला बसावं लागतं. सीटीतही चौकट बारीक केली की बारीक खुणा सापडतात, आणि त्यांच्याबरोबर ‘नॉइज’ येतो. नॉइज म्हणजे चित्रावर दिसणारा खरखरीत दाणेदारपणा. शरीरात त्याला काही आधार नसतो.

हा दाणेदारपणा येतो कुठून? प्रत्येक ठोकळ्याचा आकडा ठरतो तो त्याच्यातून पार झालेल्या किरणांवरून. ठोकळा लहान झाला की त्याच्या वाट्याला किरण कमी आणि आकड्यात चढउतार जास्त. त्याचं गणित वर्गमुळाचं आहे. जाडी ५ मिमीवरून १ मिमीवर आणली तर वाट्याचे किरण एक पंचमांश होतात आणि दाणेदारपणा पाचाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सव्वादोनपट वाढतो. ५ मिमीच्या चित्रात आकडे १२ने वरखाली होत असतील, तर १ मिमीत ते २७ने होतील. दाणेदारपणा पूर्ववत करायचा तर किरणांचं प्रमाण पाचपट करावं लागेल, आणि ते कोणीही करू नये. छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट प्रारण मिळतं. निसर्गातून माणसाला वर्षभरात मिळणारं जागतिक सरासरी प्रमाण २.४ आहे. हौस म्हणून वाढवावी अशी ही गोष्ट नाही.

सुदैवाने फुप्फुस या बाबतीत उदार आहे. गाठ ४०, भोवतालचं फुप्फुस उणे ८००. एवढ्या मोठ्या फरकापुढे २७चा चढउतार काहीच नाही. छातीच्या मधल्या भागात मात्र, म्हणजे हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या आणि त्यांच्या आसपासच्या लसिका ग्रंथी जिथे आहेत तिथे, शेजारच्या दोन गोष्टींत कधी दहा-वीस आकड्यांचाच फरक असतो. तिथे २७चा चढउतार सगळं पुसून टाकतो.

म्हणून चांगल्या सेंटरवर एकाच स्कॅनमधून दोन संच बांधतात. फुप्फुसासाठी १ मिमी जाडीचा, कडा ठळक करणाऱ्या ‘शार्प कर्नल’चा, मधल्या भागासाठी ३ ते ५ मिमीचा, मऊ कर्नलचा. कर्नल म्हणजे टिपलेल्या माहितीवरून चित्र बांधताना संगणक वापरतो ती गणिती गाळणी. कोळ्याला एकदा ओढलेल्या जाळ्याचा आस बदलता येत नाही. इथे तो स्कॅननंतरही बदलता येतो.

शार्प कर्नल सरसकट चांगला, असंही नाही. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या बायकांना जडणाऱ्या दम्यासारख्या विकारात, सीओपीडीत, फुप्फुसाचा किती भाग फुगून निकामी झाला हे कधी कधी संगणकाने मोजतात. उणे ९५०च्या खाली गेलेल्या चौकटी निकामी धरायच्या, असा संकेत आहे. शार्प कर्नलच्या दाणेदार चित्रावर हीच मोजणी केली, तर चांगल्या फुप्फुसातल्याही अनेक चौकटी नुसत्या चढउतारामुळे उणे ९५०च्या खाली घसरतात आणि आजार आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. मोजायला मऊ संच, बारीक नक्षी बघायला शार्प संच. अलीकडच्या यंत्रांत दाणेदारपणा कमी करणारी नवी गणितं आली आहेत, त्यांनी कमी प्रारणात चांगलं चित्र मिळतं; ती जास्तच चढवली की चित्र मेणचट दिसू लागतं.

५. श्वास

०.६८ मिमीची चौकट आणि १ मिमीचा काप ठरवून घेतला, आणि स्कॅन चालू असताना छाती एका सेंटिमीटरने हलली, तर ते सगळे आकडे वाया गेले. हलल्यामुळे एका रक्तवाहिनीच्या दोन दिसतात, कडा धुरकट होतात, आणि तो धुरकटपणा आजाराचा वाटू शकतो.

यंत्रातून येणारी सूचना बहुधा हिंदीत किंवा इंग्रजीत असते, तीही एकदम. वयस्क माणूस गोंधळतो, अर्धाच श्वास घेतो. म्हणून आत नेण्याआधी बाहेरच दोन-तीनदा सराव करून घ्यावा: पूर्ण श्वास घ्या, रोखा, मनात दहा मोजा. जे टेक्निशियन मिनिटभर थांबून स्वतः मराठीतून हे करून घेतात, त्यांच्या हातचं चित्र वेगळं ओळखू येतं. माझ्या मते पुढच्या मोठ्या मशीनसाठी पैसे मोजण्यापेक्षा हे एक मिनिट जास्त मोलाचं आहे.

फुप्फुस हळूहळू कडक होत जाणाऱ्या आजारांत, ज्यांना एकत्रितपणे आयएलडी म्हणतात, श्वासाला आणखी महत्त्व येतं. उताणं झोपल्यावर पाठीकडचं फुप्फुस दाबलं जाऊन तिथे धुरकट पट्टा दिसतो. तो आजार की नुसता दाब, हे कळायला रुग्णाला पालथं झोपवून काही काप घेतात. कधी श्वास पूर्ण सोडायला लावूनही स्कॅन करतात, कारण अडकून राहिलेली हवा तेव्हाच उघडी पडते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या आयएलडी नोंदणीत १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. पक्ष्यांची विष्ठा, बुरशी यांसारख्या श्वासावाटे जाणाऱ्या गोष्टींची ॲलर्जी होऊन जडणारा हा आजार. अडकलेली हवा ही त्याची एक खूण. ती कोणत्याही मॅट्रिक्सने सापडत नाही, सोडलेल्या श्वासाने सापडते.

करोनातला ‘स्कोअर’ इथे आठवावा. फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी शून्य ते पाच, एकूण पंचवीस. तो स्कोअर आजाराने किती जागा व्यापली एवढंच सांगत होता. त्याला फार बारीक चित्राची गरज नव्हती. करोनानंतर महिनोन्‌महिने दम लागत राहिलेल्यांच्या फुप्फुसात व्रण राहिला का, हे बघायला मात्र १ मिमीचे काप लागतात.

६. ५१२ऐवजी १०२४?

काही सेंटर आता १०२४ × १०२४ मॅट्रिक्स देतात. ३५० मिमीत १०२४ चौकटी म्हणजे बाजू ०.३४ मिमी, कागदावर दुप्पट बारीक. पण नेहमीचा डिटेक्टर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच थांबतो. त्याने जे टिपलंच नाही, ते चौकटी वाढवून येणार नाही. थोडी कडा सुधारेल, दाणेदारपणा वाढेल, फाइल चौपट होईल.

खरा फरक डिटेक्टर बदलल्यावर पडतो. पाव मिलिमीटरचे डिटेक्टर असलेली यंत्रं आली आहेत, आणि सप्टेंबर २०२१मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पहिल्या फोटॉन-काउंटिंग सीटीला परवानगी दिली. त्यात प्रत्येक किरणकण वेगळा मोजला जातो आणि ०.२ मिमीपर्यंत उतरता येतं. अशा यंत्रांवर १०२४ला अर्थ आहे. साध्या यंत्रावर निरोगी फुप्फुसातल्या सुमारे २ मिमीपेक्षा बारीक श्वासनलिका दिसत नाहीत. त्या दिसू लागल्या, तर लहान वाटांचे आजार लवकर पकडता येतील.

७. फिल्म, सीडी आणि मोबाईल

इतकं सगळं नीट झालं तरी शेवटच्या टप्प्यावर ते हातचं जातं, आणि आपल्याकडे हा टप्पा सर्वांत दुबळा आहे.

५१२ × ५१२चं एक चित्र अर्ध्या एमबीचं असतं. ३०० मिमी छातीचे १ मिमीचे सलग काप म्हणजे ३०० चित्रं, १५० एमबी. ७०० एमबीच्या सीडीत दोन्ही संच आरामात मावतात. पण फिल्मवर ३०० चित्रं छापणं कोणालाच परवडत नाही. एका फिल्मवर समजा २० चित्रं, दोन-तीन फिल्म. म्हणून जाड काप छापले जातात किंवा पातळ कापांतले निवडक. मग घरातलं कोणीतरी फिल्म खिडकीला लावून फोटो काढतं आणि मुंबईच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवतं. फोटोच्या लांब बाजूवर १,६०० ठिपके आहेत आणि त्या बाजूला पाच चित्रं आहेत असं धरलं, तर एका चित्राच्या वाट्याला ३२० ठिपके. ५१२चं चित्र ३२०वर आलं, आणि एका फोटोतून ३००पैकी २० कापच पोचले. डॉक्टरांनी यावर मत द्यावं ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून सेंटरवरून निघताना सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा आणि विचारावं, ‘एक मिमीचा लंग सीरिज यात टाकलाय ना?’ हा प्रश्न त्याच दिवशी विचारायला हवा. ज्या मूळ माहितीवरून नवे काप बांधता येतात, ती यंत्रावर थोडेच दिवस ठेवलेली असते. नंतर जागा करण्यासाठी पुसतात. एकदा ती गेली आणि फक्त ५ मिमीचे काप उरले, की १ मिमीचे पुन्हा बनत नाहीत. स्कॅनच पुन्हा करावा लागतो.

फिल्म हातात असेल तर तिचा कोपरा वाचता येतो. चित्राच्या कडेला बारीक अक्षरांत जाडी लिहिलेली असते, ५.० किंवा १.०, जवळच एफओव्ही. आणखी दोन आकडे असतात, १५०० आणि उणे ६००, किंवा ४०० आणि ४०. त्या खिडक्या: पहिली फुप्फुस बघायची, दुसरी मधला भाग बघायची. खिडकी बदलल्याने चित्र काळंपांढरं कमीजास्त होतं, स्पष्टता वाढत नाही.

जुनी सीडीही टाकून देऊ नये. ६ मिमीची गाठ सहा महिन्यांनी साडेसात मिमीची झाली, तर वाढ दीड मिलिमीटरची, म्हणजे दोन-सव्वादोन चौकटींची. डोळ्याला नगण्य. पण व्यास सुमारे २६ टक्क्यांनी वाढला की गोळ्याचं आकारमान दुप्पट होतं, आणि ही वाढ जवळपास तेवढी आहे. हा फरक पकडायचा तर दोन्ही वेळचे काप सारख्या जाडीचे आणि सारख्या कर्नलचे हवेत. पहिला स्कॅन ५ मिमीचा आणि दुसरा १ मिमीचा असेल, तर गाठ वाढली की नुसती नीट दिसली, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. दुसऱ्या वेळी सेंटर बदललं तरी चालेल. पहिली सीडी टेक्निशियनच्या हातात देऊन त्याच जाडीत आणि त्याच कर्नलमध्ये बांधायला सांगावं.